नाकेदाराचा खेळ

६ जानेवारी, सोमवार

मुदतवाढ मिळाली. पंचवीस फेब्रुवारीपर्यंत. विद्यापीठाच्या संशोधन विभागातल्या बाईंनी फोनवर खात्री दिली. ही शेवटची, असंही म्हणाल्या. मी दोनदा विचारलं, नक्की ना? त्या म्हणाल्या, सर, आमचं नक्कीच असतं, तुमचं काय ते बघा. सूर बरा नव्हता. कोणीतरी कान भरले आहेत.

पंचवीसला सेमिनार. समितीपुढे सगळा प्रबंध मांडायचा. पटला तर छपाई, नाही तर नोंदणी रद्द आणि नऊ वर्षं पाण्यात. विषय भारदस्त आहे: 'विविध संस्कृतींतील बालपण: एक मानवशास्त्रीय अभ्यास'. एका बाजूला यवतमाळ शहरातलं बालपण, दुसऱ्या बाजूला बंजारा तांड्यावरचं. शहराचा भाग जवळजवळ पूर्ण आहे. शीर्षक टाईप झालं आहे.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. रोज दहा पानं. डेटा कोणालाही न दाखवणे.

७ जानेवारी

पाचला उठलो. उठून काय करायचं हे ठरवलेलं नसल्यामुळे परत झोपलो.

कॉलेजात अभ्यासरजा मंजूर. सलीलने आपणहून माझे तास घ्यायची तयारी दाखवली. सलील माझ्याच विभागात, चौतिशीचा, पीएच.डी. तीन वर्षांत. म्हणाला, सर, तुम्ही निवांत जा, इकडची काळजी सोडा. इतकं गोड बोलायला याला काय झालं? टेबलाचा ड्रॉवर लॉक करून किल्ली खिशात घातली. ड्रॉवरमध्ये काही नाही, पण हे सलीलला माहीत नाही.

९ जानेवारी, फुलसावंगी

गावात खोली घेतली. तांडा इथून दोन किलोमीटर, तुरीच्या वावरांमधून रस्ता. तांड्याचे नायक लखीराम यांना भेटलो. पांढरं पागोटं, झुपकेदार मिशी, हातात मोठा मोबाईल. विचारलं, तुमच्याकडची मुलं पारंपरिक खेळ कोणते खेळतात? म्हणाले, किरकेट. म्हटलं, आणि त्याआधी? म्हणाले, त्याच्या आंधी शाळेत जाते. मोबाईल पायते. मंग झोपते. आनखी काय कराव लागते सर पोट्ट्यायनं?

नोंद: माहितीदाता सराईतपणे माहिती दडवतो. म्हणजे दडवण्यासारखं काहीतरी आहे.

निम्म्या घरांना कुलपं. तरणी माणसं ऊसतोडीला गेलेली, पोरं आजी-आजोबांकडे. नायकांच्या घरीही दोन नातवंडं आहेत. रंजिता अकरा वर्षांची, तिचा भाऊ कपिल आठ. त्यांची आजी चंदाबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, सर, तुमाले नेमकं काय पायजे? मी म्हटलं, मला इथलं बालपण हवं आहे. त्या म्हणाल्या, मंग घ्या ना, हे दोन हायत, आजच घेऊन जा.

चष्मा हरवला. बराच वेळ शोधला. कपाळावर होता. कपिल सगळं पाहत होता, पण सांगितलं नाही. मुलं बुजरी आहेत.

११ जानेवारी, शनिवार

प्रश्नावली काढली. कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसलो, मुलांना समोर गोल बसवलं. आधी कोणी बोलेना. मी प्रसन्न आवाजात, मुलांना धीर यावा म्हणून, पुन्हा पुन्हा म्हणत होतो, छान, छान, म्हणजे नेमकं काय? अखेर रंजिता बोलली. तिने इतरांकडे एकदा पाहून घेतलं आणि सांगितलं, की दुधाचा दात पडला की तो जिभेखाली ठेवायचा आणि तो गिळेपर्यंत फक्त बकऱ्यांशी बोलायचं.

नऊ वर्षांत पहिला डेटा.

मग बांध फुटला. अमावास्येला शर्ट उलटा घालून शाळेत जातात. थोरल्या बहिणीला जेवताना नावाने हाक मारत नाहीत, 'लोटा' म्हणतात. कपिलला विचारलं, तुझी आवडती भाजी कोणती? म्हणाला, घुबड. बाकीची मुलं माना खाली घालून थरथरत होती. विषय पवित्र असावा.

१३ जानेवारी

पडताळणीसाठी लखीराम नायकांना हे सगळं विचारलं. ते म्हणाले, कोनं सांगतलं सर तुमाले? मी नाव सांगितलं नाही. संशोधनाची नीती असते. ते म्हणाले, असं काई नसते बाप्पा आमच्यात, घुबड कोन खाते?

इतका ठाम नकार! म्हणजे मी अगदी गाभ्याशी पोचलो आहे. तक्ता क्रमांक चार पूर्ण केला: 'तांड्यावरील बालकांचे आहारविषयक संकेत'.

१५ जानेवारी, यवतमाळ

संक्रांतीला घरी. मुलगी मिताली आणि नातू साकेत आले होते. साकेत नऊ वर्षांचा, माझं शहरी सॅम्पल. त्याची मुलाखत घेतली. कोणते खेळ खेळतोस? माहीत नाही. मित्रांशी काय बोलतोस? काही नाही. सण कसा साजरा करता? आई म्हणेल तसा. निष्कर्ष लिहिला: शहरी बालपण मुकं झालं आहे. मिताली म्हणाली, बाबा, तो फक्त तुमच्याशी बोलत नाही हो, एरवी त्याचं तोंड मिटत नाही. मितालीला संशोधनातलं कळत नाही.

बायकोला, रत्नप्रभाला, तक्ता चार वाचून दाखवला. घरातलं माणूस म्हणून. ती कोषागारात आहे, जन्म बिलं तपासण्यात गेला, त्यामुळे स्वभाव शंकेखोर झाला आहे. म्हणाली, घुबड? मी तिला सांस्कृतिक सापेक्षता समजावली. सगळं ऐकून म्हणाली, हो, ते झालं, पण घुबड?

पुढे घरीही डेटा दाखवायचा नाही.

२३ जानेवारी, फुलसावंगी

हल्ला. प्रश्नावल्या भरत असताना एका बकरीने मागून येऊन पाच सॅम्पल खाल्ले. मी पिशवी छातीशी धरून पळालो, तर ती हातपंपापर्यंत मागे. मुलं उभी राहून शांतपणे पाहत होती. बकरी कोणाची, विचारलं. कोणीच सांगेना. ती आपणहून आली की सोडली गेली? सलीलचा मावसभाऊ महागावला असतो.

खाल्लेल्या प्रश्नावल्या आठवणीने पुन्हा भरल्या. चवीला पान बरं असावं, बकरीही परत आली होती.

२८ जानेवारी

नवी शंका. मी तांड्यावर असतो तेव्हा मुलं खेळतच नाहीत. नुसती माझ्याभोवती बसून माझ्याकडे पाहतात. मी वळलो की कुजबुज आणि हसणं. काहीतरी आहे जे माझ्यासमोर करायचं नाही, असं मोठ्यांनी बजावलेलं दिसतं.

ठरलं. गनिमी कावा.

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी निरोप पाठवला की सर आजारी आहेत, येणार नाहीत. दुपारी नाल्याकडून वळसा घालून गेलो आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगामागे बसलो. गुडघे गेले, पण नऊ वर्षांचं सार्थक झालं.

कडुनिंबाखाली उलट्या बादलीवर कपिल. कपाळावर तारेचे दोन गोल, काखेत पिशवी. बाकीचे समोर उकिडवे. कपिल एकेकाकडे बोट करून प्रश्न विचारतो. ज्याला विचारलं त्याने ताबडतोब खोटं उत्तर द्यायचं, न हसता. खरं बोलला तो आउट. हसला तोही आउट. प्रत्येक उत्तराला कपिल हवेत काहीतरी लिहितो, मान डोलावतो आणि नाकातून मंत्र म्हणतो: छान, छान, म्हणजे नेमकं काय? मध्येच कपाळावरचे गोल तो जमिनीवर शोधू लागतो, आणि ते कुठे आहेत हे कोणी सांगायचं नाही असा नियम दिसतो. शेवटी एक मूल बकरी होऊन येतं आणि कपिल पिशवी छातीशी धरून पळत सुटतो. जो शेवटपर्यंत न हसता टिकला, तो पुढच्या डावात बादलीवर.

एकाही ग्रंथात या खेळाची नोंद नाही.

१ फेब्रुवारी

उलगडा झाला. आंघोळ करताना.

या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे. वाटेत नाके. नाक्यावर जकात. बादलीवर बसलेला तो जकातनाक्यावरचा नाकेदार! काय माल आहे, कुठून आणला, असं विचारणारा. आणि तांड्याने त्याला न हसता खोटं सांगायचं. कपाळावरचे गोल म्हणजे सरकारी शिक्के. बकरी म्हणजे जकातीत ओढून घेतलेलं जनावर, जे त्याच्यावरच उलटतं. प्रतिकाराचं केवढं रूपक!

मुलं आपसात गोरबोली, म्हणजे बंजारा भाषा, बोलतात, पण मंत्र मराठीत आहे. म्हणजे नाकेदार मराठी होता. उच्चारावरून शिकलेला, शहरातला, थोडा शिष्ट. बहुधा पुण्याकडचा. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी या माणसाला विसरू दिलं नाही, म्हणजे त्याने किती छळलं असेल.

नाव दिलं: नाकेदाराचा खेळ. प्रकरण पाचवं. खरं म्हणजे आता हाच प्रबंध.

४ फेब्रुवारी

गाईडला फोन. माझ्या गाईड डॉ. मधुवंती एके काळी माझ्या विद्यार्थिनी, दुसऱ्या बाकावर बसायच्या. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला सर म्हणतात, काम पुढे सरकत नाही. मोठा शोध लागला आहे एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, व्हिडिओ असेल तर सेमिनारच्या आधी मला दाखवा. मी म्हटलं, बघू. त्या म्हणाल्या, बघू काय सर, दाखवाच, समितीपुढे मला तोंडघशी पाडू नका.

एवढी घाई का? मागच्या महिन्यात सलील त्यांच्या घरी हळदीकुंकवाला बायकोला सोडायला गेला होता. ही बातमी रत्नप्रभाची.

दाखवायचा नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

साकेतला तांड्यावर घेऊन आलो. शहरी आणि तांड्यावरचं बालपण आमनेसामने आणायचं, निरीक्षण करायचं. पेन उघडेपर्यंत तो दिसेनासा झाला. दुपारी धुळीने माखलेला सापडला, रंजिताच्या टोळीत, बादलीवर बसलेला. मला पाहताच सगळे पांगले.

परतीच्या एसटीत विचारलं, काय खेळत होतात? म्हणाला, सांगितलं तर आउट. आर्णीपर्यंत माझ्याकडे बघून हसत होता. मी कपाळावर हात नेला की जास्तच. शहरी सॅम्पल फितूर झालं.

१२ फेब्रुवारी

दबाव सुरू झाला.

चंदाबाईंनी आज भाकर आणि लसणाची चटणी दिली, आणि मी खात असताना सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, सर, ते पोट्टे जो खेळ खेळून राह्यले ना, तो तुमचाच हाय. मी म्हटलं, हो, हो, आता आपला सगळ्यांचाच आहे, सांस्कृतिक वारसा. त्या म्हणाल्या, तसं नाई बाप्पा, तुमीच हा तो. मी हसून विषय बदलला. संध्याकाळी लखीराम नायक वाटेत थांबवून तेच: मजाक चालू हाय पोट्ट्यायची, मनावर नोका घेऊ, मी दटावतो त्यायले.

दोघांचं एकच उत्तर. आधी ठरवल्याशिवाय होईल? खेळाचा खरा उगम लपवायला मलाच त्यात ओढत आहेत. डाव चांगला आहे. मी दटावू नका म्हणून सांगितलं.

१७ फेब्रुवारी

व्हिडिओ झाला. पऱ्हाटीमागून काढत होतो, तर रंजिता येऊन म्हणाली, सर, इकडून नीट नाई दिसत, समोर या ना, ऊनही पाठीमागून येईन. तिला मी इथे आहे हे कसं कळलं? म्हणाली, तुमी रोजच तं इथं बसता. तुमची चप्पल दिसते.

समोर बसून काढला. मुलांनी जीव ओतला. नायकांची परवानगी घेतली. ते म्हणाले, काढा, पन मंग मले नोका म्हनू, का नायकानं सांगतलं नाई.

२४ फेब्रुवारी, यवतमाळ

तयारी पूर्ण. चाळीस पानं पाचव्या प्रकरणाची, बाकीची चार मिळून बावीस. रत्नप्रभा म्हणाली, एकदा आम्हाला तरी दाखवा काय आहे ते, मी बघते आणि गप्प बसते. मी म्हटलं, उद्या साऱ्या विद्यापीठाबरोबर कळेल. तिने माझ्या शर्टाला इस्त्री केली आणि विचारलं, चंद्रशेखर, तुम्हाला ती मुलं नक्की काय म्हणतात हो? ती मला नावाने हाक मारते तेव्हा बिलात काहीतरी सापडलेलं असतं. मी म्हटलं, सर म्हणतात. ती म्हणाली, ते समोर.

२५ फेब्रुवारी, मंगळवार, संध्याकाळ

सेमिनार झाला.

उरलेलं लिहायला बळ नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

रत्नप्रभाचा उपास. माझाही, कारण वेगळं.

घडलं ते असं. समितीत तिघं: अध्यक्ष, नागपूरहून आलेल्या एक वयस्कर तज्ज्ञ बाई, आणि एक बारीक चणीचे सदस्य जे सुरुवातीपासून माझ्याकडे चोर पकडल्यासारखं पाहत होते. मागे विद्यार्थी, आणि सलील. म्हणाला, सपोर्टला आलो. पडद्यावर व्हिडिओ लावला. कपिल बादलीवर बसला आणि हॉलमध्ये हलकीशी खसखस पिकली. मला वाटलं, शोधाचा आनंद. व्हिडिओ संपला, दिवे लागले. टिपण वाचायला चष्मा सापडेना. टेबल चाचपलं, खिसे चाचपले, खाली वाकून पाहिलं. कोणी काही बोलेना. मग नागपूरच्या बाई अगदी मायेने म्हणाल्या, सर, कपाळावर आहे.

मी चष्मा लावला. अध्यक्षांनी विचारलं, या खेळाचा कालखंड तुम्ही कसा ठरवलात? आणि मी, संशोधकाच्या प्रसन्न आवाजात, म्हणालो, छान, छान, म्हणजे नेमकं काय?

पुढचं ऐकूच आलं नाही. विद्यार्थी बाकांवर आडवे होते. सलील मात्र हसला नाही. उठून दार लावलं आणि सगळ्यांना गप्प केलं. हे त्याने का केलं असावं, याचा विचार करतो आहे.

नागपूरच्या बाईंनी डोळे पुसले. मग दुसरं विचारलं: मुलांना पाहुण्याला न हसता खोटं सांगायची एवढी सवय आहे, तर तक्ता चार कोणी सांगितला? मी म्हटलं, याच मुलांनी. बाईंनी घुबडाच्या ओळीवर बोट ठेवलं.

मधुवंती मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

आज सकाळी रत्नप्रभाने मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. दोनदा. साबुदाण्याची खिचडी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, मुलगा फार छान करतो. तुमची मान जरा जास्त डावीकडे जाते, पण बाकी फार छान.

१ मार्च

निर्णय आला. मधुवंती मॅडमनी फोनवर खात्री दिली. नोंदणी अजून रद्द नाही. नागपूरच्या बाईंचं मत पडलं की प्रबंधात जिवंत गोष्ट एकच आहे: त्यांचा अभ्यास करायला आलेल्या माणसाचा मुलांनी केलेला अभ्यास. त्यावर नव्याने लिहिलं तर सहा महिने मिळतील. पण बारीक सदस्यांना संशय आहे की हा खेळ मीच मुलांना शिकवून बसवला. एवढं हुबेहूब त्याशिवाय जमणार नाही, म्हणाले.

माझ्यावर संशय! नऊ वर्षं मी प्रामाणिकपणे काही केलेलं नाही, आणि मी हे बसवेन?

तर आठ तारखेला, शनिवारी, समिती स्वतः तांड्यावर येणार. मुलं आपणहून खेळली तर मुदत. नाही तर तिथल्या तिथे संपलं. मॅडम म्हणाल्या, सर, या वेळी काही करू नका, फक्त मुलांना खरं सांगा आणि बाजूला व्हा. मग म्हणाल्या, व्हिडिओ आधी मागितला होता ना मी?

३ मार्च, फुलसावंगी

मुलं क्रिकेट खेळत होती. रंजिताला म्हटलं, तो खेळ? म्हणाली, कोनता, सर-सर? तो जुना झाला. तुमी दहा-बारा दिस आलेच नाई, मंग कोनाले पाहून खेळाव? कपिल म्हणाला, बादली बी फुटली.

खरं सांगितलं. शनिवारी लोक येणार, तुम्ही खेळलात तर माझं काम राहील, नाही तर जाईल. रंजिताने बॅट खाली ठेवली आणि विचारलं, गेलं तं तुमी येनार नाई? मी म्हटलं, मग येण्याचं कारण उरणार नाही. तिने सगळ्यांना बोलावलं. गोरबोलीत बरीच चर्चा झाली. मी यावं की येऊ नये, यातलं त्यांना काय सोयीचं आहे, ते सुरावरून कळेना. अखेर सांगितलं: खेळू. पन तुमी बी खेळाचं.

मी म्हटलं, संशोधकाने बाजूला राहायचं असतं. कपिल म्हणाला, मंग आमी किरकेट खेळतो.

५ मार्च

सराव. मला वाटलं, सरांची भूमिका अर्थातच माझी. बादलीऐवजी तेलाचा डबा आणला होता, त्यावर बसलो. चष्मा कपाळावर घेतला, म्हणालो, छान, छान, म्हणजे नेमकं काय? कोणीही हसलं नाही. मुलं एकमेकांकडे पाहू लागली. रंजिता म्हणाली, असं नाई सर. तुमी ॲक्टिंग करून राह्यले. पुन्हा केलं. कपिल उठून माझ्याजवळ आला, माझी मान धरून डावीकडे वळवली, म्हणाला, इतकी. आवाज नाकातून काढा. तिसऱ्यांदा केलं. चंदाबाई दारातून पाहत होत्या. म्हणाल्या, सोडा बाप्पा, नाई जमत यायले, कपिललेच बसू द्या.

सर म्हणून मला नाकारण्यात आलं. मतदान घेतलं होतं. एकमत.

६ मार्च, गुरुवार

मला समोर बसवलं आहे, उकिडवा, उत्तरं देणाऱ्यांच्या ओळीत. गुडघ्यांचं कोणी विचारत नाही.

आज पहिला पूर्ण डाव. कपिलने रंजिताला विचारलं, तुमच्या घरी काय शिजलं? ती म्हणाली, चप्पल. न हसता. दुसऱ्याला विचारलं, तुझे मायबाप कधी येतात? तो म्हणाला, आलेच हायत, घरात झोपून राह्यले. त्याच्या घराला कुलूप होतं. कोणी हसलं नाही. हा प्रश्न माझ्या प्रश्नावलीत होता, बावन्नावा. मी तेव्हा उत्तर लिहून पुढे गेलो होतो.

मग कपिलचं बोट माझ्याकडे. तारेचे गोल कपाळावर, मान डावीकडे. म्हणाला, सर, तुमचं पुस्तक कवा पुरं होते?

मी अजिबात हसलो नाही. कारण हसण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, याच महिन्यात. रोज दहा पानं लिहितो. पहाटे पाचला उठून.

आधी रंजिता फुटली. मग सगळे. कपिल डब्यावरून पडला. चंदाबाईंनी पदर तोंडात धरला. दारात बसलेले लखीराम नायक मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, सर, घुबडाच्या वरताण झालं हे. नियमाप्रमाणे जो हसला तो आउट, म्हणून ओळीत मी एकटाच उरलो. मी सांगायचा प्रयत्न केला की मी खोटं बोललो नव्हतो. रंजिता पोट धरून म्हणाली, पाहा, अजून बी हसत नाई.

शनिवारी साडेदहाला समितीची गाडी महागावहून निघणार आहे, सोबत मधुवंती मॅडम. सलीलनेही फोन केला होता, खुर्च्या लागतील का म्हणून. कपिल समितीपुढे मला तोच प्रश्न विचारणार आहे. मी म्हटलं, दुसरा एखादा विचार. रंजिता म्हणाली, नाई सर, तोच. अन् तुमी उत्तर बी बदलू नोका. इतकं मस्त कोनालेच जमत नाई.